राग उरला नव्हता

मार्चमधल्या एका सकाळी कणीक मळत असताना माझ्या उजव्या डोळ्यावर काळा पडदा उतरायला लागला. आधी वाटलं, केसाची बट आली असेल. पिठाच्या हातानंच ती मागं सारायला गेले, तर बट नव्हतीच. पडदा तसाच. स्वयंपाक होईपर्यंत परातीची वरची कड दिसेनाशी झाली, तेव्हा मी सुनेला हाक मारली.

आम्ही दोघीच त्या घरात राहत होतो, प्रताप नगरातल्या दुसऱ्या मजल्यावर. मालक जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलाचं लग्न झालं आणि लगेच त्याच्या कंपनीनं त्याला हैदराबादला पाठवलं. सून घरूनच काम करायची, कानाला यंत्र लावून, दार लोटून. ती जबलपूरची. दोघांची ओळख पुण्यात नोकरीत झाली. लग्न कोर्टात झालं आणि त्या लग्नाला तिच्या माहेरचं कुणी आलं नाही. आम्ही बौद्ध. एवढं एक वाक्य त्यांच्या घरी पुरलं होतं. तेव्हापासून तिच्या आईवडिलांचा फोन नव्हता आणि तीही लावत नव्हती.

आमचं दोघींचं भांडण असं कधी झालं नाही. भांडायला जी जवळीक लागते तीच नव्हती. ती फार नम्रपणे वागायची. स्वतःच्या घरातला फ्रिज उघडताना विचारायची, “मम्मीजी, दही निकाल लूँ?” मी म्हणायची, “ले लो बेटा.” नागपुरात आम्हाला हिंदी काही परकी नाही, भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत निम्मं बोलणं तिच्यातच होतं. पण घरात, ताटाशी बसून हिंदी बोलताना मला सारखं पाहुण्यांकडे जेवायला गेल्यासारखं वाटायचं. तिलाही तसंच वाटत असणार. आम्ही दोघी एकाच घरात एकमेकींच्या पाहुण्या होतो.

त्या दिवशी तिनं काम तसंच सोडलं आणि मला रिक्षात घालून धंतोलीत नेलं. डोळ्याच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि आतला पडदा सुटलाय म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. तो बुडबुडा वर चढून पडद्याला दाबून धरतो म्हणे, पण त्यासाठी माणसानं मान खाली घालून राहायचं. जेवताना खाली, बोलताना खाली, झोपताना छातीखाली उशी घेऊन पालथं. वाचन बंद. टीव्ही बंद. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, त्यामुळे त्याचा तसाही उपयोग नव्हता.

मुलाला फोनवर सांगितलं तर तो आधी घाबरला, मग हसत सुटला. “आई, सासू सुनेपुढं मान खाली घालून बसली, हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही.” सुनेला ते ऐकू गेलं, ती गडबडून आत गेली. मला काही हसू आलं नाही. मी तेव्हा स्टुलावर ठेवलेल्या कपातून नळीनं चहा पीत होते.

मला खरं दुःख वेगळंच होतं. मेमध्ये माझी एम.ए.ची परीक्षा होती. लग्न झालं तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. पुढचं शिक्षण मुलाच्या दहावीनंतर बाहेरून पुरं केलं, आणि एम.ए.ला मालक गेल्यावर नाव घातलं, घर खायला उठायचं म्हणून. एका पेपरला एक जुनी कादंबरी होती. तिच्यातला एखादा उतारा द्यायचे आणि त्याचं रसग्रहण करायला सांगायचे. लेखकानं कोणते शब्द योजले, का योजले, कोणती वस्तू कशाचं प्रतीक म्हणून आली, असं सगळं. माझी परीक्षेसाठी अर्धी कादंबरी पुन्हा वाचायची राहिली होती. पालथं पडल्यापडल्या मी ठरवून टाकलं की परीक्षा सोडायची.

सुनेला मी हे सांगितलं नव्हतं. पण जेवणाच्या टेबलावर पुस्तक तसंच पडलेलं होतं, त्यात खूण म्हणून घातलेली कंगव्याची दांडी होती. एका दुपारी ती माझ्या खोलीत आली. म्हणजे मला तिचे पाय दिसले. त्या दिवसांत मला माणसांचे पायच दिसायचे.

“मम्मीजी, मैं पढ़ दूँ?”

“तुझको मराठी किधर आती, बेटा?”

“समझ में नहीं आती. पढ़ तो लूँगी. अक्षर तो एक ही हैं.”

मला हे कधी सुचलंच नव्हतं. तिला वाचता येत होतं पण कळत नव्हतं. मला कळत होतं पण वाचता येत नव्हतं. ती पलंगाजवळ खुर्ची ओढून बसली आणि खुणेच्या पानापासून वाचायला लागली.

सुरुवातीचे दिवस मोठे गमतीचे होते. ‘ळ’ तिच्या जिभेला वळायचा नाही, ‘काळोख’चं ‘कालोख’ व्हायचं. चमच्यातला ‘च’ आणि चहातला ‘च’ तिला एकच. मी पालथी पडून सुधारायची, “च्यांगला नाही वं, चांगला, चां, चां.” ती परत म्हणायची. कूलरचा आवाज मोठा, म्हणून ती मोठ्यानं वाचायची. मात्र एक गोष्ट माझ्या लवकर ध्यानात आली. तिला अर्थ लागत नसल्यामुळे ती वाचताना आवाजात काहीच घालायची नाही, ना रडू ना माया. प्रत्येक शब्द सारख्या वजनाचा पडायचा. आमच्या कॉलेजात सर ही कादंबरी वाचून दाखवायचे तेव्हा गळा दाटून वाचायचे, आणि आम्ही मुली त्यांच्या गळ्याकडेच लक्ष देऊन रडायचो. आता पहिल्यांदा मला नुसते शब्द ऐकू येत होते.

आणि ती विचारायची. प्रत्येक ओळीला थांबून, “इसका मतलब?” मग मला हिंदीत सांगावं लागायचं, आणि सांगता सांगता मलाच कळायचं की हा शब्द मी जन्मभर वापरला पण त्याच्याकडे कधी पाहिलं नाही. हळूहळू मी निम्मं मराठीत सांगायला लागले. तीही मग मराठीचे तुकडे जोडायला लागली. “पुढे वाचून राहिली,” असं एकदा ती अगदी आपल्यासारखं बोलली आणि स्वतःच हसली. हे तिनं दूधवाल्याकडून उचललं असणार.

डॉक्टरांनी पालथं राहायचे दिवस आणखी वाढवले, तेव्हा आम्ही त्या उताऱ्याशी आलो होतो. परीक्षेला तो नेहमी विचारतात. कादंबरीतली तरुण सून सासरचं घर सोडून निघते, तो प्रसंग. तिला त्या घरात फार सोसावं लागलेलं असतं. घर सोडायचं ठरलेलं असतं, पण त्या सकाळीही ती परसात सूप घेऊन बसते आणि ज्वारी निवडते. निवडलेली ज्वारी घरात नेऊन ठेवते. कणी कुंपणापाशी नेहमीच्या बाईसाठी ठेवते. खडे मात्र फेकत नाही, ते पदराच्या टोकाला बांधते. आणि निघते. वळून आपल्या संसाराकडे पाहते. शेवटचं वाक्य असं, की तिच्या मनात राग उरला नव्हता. एवढाच उतारा, अर्ध्या पानाचा.

तिनं सगळा सलग वाचला. मग पहिल्यापासून एकेक शब्द.

“निवडली? वो इलेक्शन वाला निवडणूक?”

“तोच शब्द. धान्य निवडतात न, सुपात घेऊन. खडे वेगळे काढतात.”

“और उम्मीदवार भी निवडते हैं.”

“हो.”

तिच्या उजव्या पायाचा अंगठा हलत होता. ती विचार करायला लागली की तो असा हलायचा, हे मला तोवर कळलं होतं.

“तो मम्मीजी, वो बैठकर ज्वार नहीं निवड रही. वो डिसाइड कर रही है.”

हा उतारा मी कितीदा वाचला असेल. प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात लिहिलं होतं, ज्वारी निवडणं हे तिच्या कर्तव्यनिष्ठेचं प्रतीक आहे. मीही तेच पाठ केलं होतं. लेखकाला ‘वेचली’ लिहिता आलं असतं, ‘साफ केली’ लिहिता आलं असतं. त्यानं निवडली लिहिलं. जन्मभर गहू-तांदूळ निवडलेल्या माझ्यासारखीला जे दिसलं नाही ते हिला दिसलं, कारण हिनं तो शब्द पहिल्यांदा निवडणुकीच्या पोस्टरवर वाचला होता.

पुढं संसार आला.

“उसने पूरी दुनिया की तरफ देखा?”

“दुनिया काहून?”

“संसार लिखा है ना.”

मी पालथीच हसले. सांगितलं, आमच्यात संसार म्हणजे घर, नवरा, मुलं, भांडीकुंडी, सासूसासरे, जे काय बाई सांभाळते ते सगळं.

“इतना छोटा?” ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, “नहीं, छोटा भी नहीं.”

नेहमीच्या बाईपाशी ती पुन्हा थांबली. ही बाई कोण, हिचं पुढं काही येतं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, येत नाही. ती एवढीच. कुंपणाबाहेर येते, कणी घेऊन जाते.

“नाम नहीं है?”

“नाही.”

खरं तर मला ‘नेहमीची बाई’ या शब्दांबद्दल सांगायचं होतं, पण कधी कुणाला सांगितलं नव्हतं. वर्गात ते सांगायची सोय नव्हती. कादंबरीतलं ते घर, ते परस, ती विहीर, सगळ्यांना ते आपलंच घर वाटायचं, आणि त्या घरातल्या सुनेसाठी सगळ्या मुली रडायच्या. मीही रडायची. पण मला मनातून ठाऊक होतं की मी त्या घरात नाही. मी कुंपणापाशी आहे. माझ्या आजीची आई अशीच एका गावात परसामागं उभी राहायची. आजी सांगायची, कणी ओच्यात वरून टाकायचे, हात लागू नये म्हणून.

मी हे सगळं तिला सांगितलं. मान खाली होती म्हणून सांगता आलं असेल, समोर चेहरा असता तर जमलं नसतं.

तिचा अंगठा हलायचा थांबला होता. ती म्हणाली, “हमारे यहाँ भी आती थीं एक. पीछे के दरवाज़े से. उनका कप अलग रखा रहता था, खिड़की के बाहर.” मग म्हणाली, “नाम मुझे भी नहीं पता, मम्मीजी. मैंने कभी पूछा ही नहीं.”

मग पाय हलले. मला वाटलं ती उठून गेली. पण ती खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर बसली आणि माझ्या पलंगाच्या कडेशी सरकली, इतकी, की माझ्या खाली घातलेल्या मानेखाली तिचा चेहरा आला. कितीतरी दिवसांनी मी कुणाचा चेहरा पाहत होते. एका डोळ्यात पाणी भरल्यासारखं हलत होतं आणि दुसऱ्यात धुकं होतं, त्यामुळे फार काही दिसलं नाही. तिचं कपाळ दिसलं, आणि ती वर माझ्याकडे बघत होती एवढं दिसलं. मी हात खाली सोडला, तो तिनं धरला.

त्या दिवशी आम्ही पुढं वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन पुस्तक घेऊन आली. राहिले होते खडे. मी तिला प्रश्नोत्तरांत काय लिहिलंय ते सांगितलं. खडे म्हणजे तिची दुःखं. बाई ती सोबत घेऊन जाते.

“नहीं,” ती लगेच म्हणाली. इतक्या लगेच, की मला नवल वाटलं. तिच्या तोंडून मी नाही हा शब्दच कमी ऐकला होता. “दुःख कोई बाँधकर ले जाता है क्या? उसको घर से कुछ तो लेकर जाना था, मम्मीजी. ऐसी चीज़, जिसे कोई चोरी न कहे.”

ती पुढं बोलत गेली. ती जबलपूरहून निघाली तेव्हा घरच्यांनी सांगितलं होतं की इथलं काही न्यायचं नाही. तिनंही हट्टानं काही घेतलं नाही, ऑफिसची बॅग तेवढी घेतली. पण गच्चीवर तिची ओढणी वाळत होती. ती ओढून घेतली, तर तिच्यासोबत कपड्यांचे दोन चिमटे आले. निळे, प्लास्टिकचे. गाडीत बसल्यावर तिनं ते पाहिले. परत द्यायला जाणं शक्यच नव्हतं. तिनं ते टाकलेही नाहीत.

“इथंच आहेत,” ती मराठीत म्हणाली. “तारेवर.”

मग ती शेवटच्या वाक्याकडे आली. आधी वाचलं, परत वाचलं, आणि पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

“ये लेखक गलत है.”

“काहून वं?”

“प्यार ही नहीं बचा था, तो पत्थर क्यों ले गई? मुड़कर क्यों देखा?”

“प्यार कुठं लिहिलंय?”

“ये क्या. मनात राग उरला नव्हता. राग मतलब अनुराग ना? लगाव. वो ही नहीं बचा.”

मला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि मी मान वर करणार होते, डॉक्टरांची आठवण झाली म्हणून थांबले. “अवं राग म्हणजे गुस्सा. आमच्यात राग म्हणजे गुस्सा. तिचा गुस्सा संपला, असं लिहिलंय.”

मी शिकवल्यासारखी सांगत गेले, कारण आता मला थांबता येईना. म्हटलं, ‘उरला’ हा शब्द पाह्य. लेखकानं ‘राग नव्हता’ असं नाही लिहिलं. नव्हता म्हणजे आधीपासून नव्हता. उरणं म्हणजे होतं, भरपूर होतं, आणि वापरून वापरून संपलं. भात उरतो, पोळी उरते, तसं. त्या बाईजवळ भांडंभर राग होता. ती ज्वारी निवडत बसली, दाणा दाणा निवडला, आणि उठली तेव्हा भांड्याच्या तळाशी काही उरलं नव्हतं. मग तिनं वळून पाहिलं. आधी पाहिलं असतं तर तिला घर दिसलंच नसतं.

मी बोलून थांबले तेव्हा तिचे दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले होते, अंगठे एकमेकांवर दाबलेले.

“फिर से पढ़ूँ?” तिनं विचारलं.

“वाच.”

तिनं ते वाक्य परत वाचलं. या वेळी आवाज सारखा नव्हता.

मग ती उठून बाहेर गेली. गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज आला. उन्हाची वेळ, गॅलरीत पाय ठेवणं मुश्कील, काय करते म्हणून मी कान दिला. कूलरमुळे नीट येत नव्हतं, म्हणून मी चाचपडत जाऊन कूलर बंद केला. अशानं मी चोरून ऐकलं म्हणावं लागेल, पण मला राहवलं नाही.

“मम्मी,” ती म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. मग, “हाँ. हाँ, खा लिया.” पुन्हा काही नाही. “भरवाँ बैंगन.” मग रडल्यासारखा आवाज, आणि त्यातूनच हसल्यासारखा. “नहीं, जला नहीं. अब नहीं जलता.”

मी परत येऊन पालथी पडले. ती आत आली तेव्हा पायांचे तळवे तापून लाल झाले होते. ती खाली फरशीवर पाय पसरून बसली. आईनं पहिल्याच रिंगला फोन उचलला, एवढंच मला सांगितलं. वडील घरी होते का, काय म्हणाले, हे मी विचारलं नाही. तिनं कूलर परत लावला.

पुढं ती आठवड्यात एकदोनदा आईशी बोलायला लागली. वडील फोनवर येत नसत. आईचं बोलणं फार साधं असायचं, भाजी काय, पाऊस आला का, नवरा कधी येणार. पण तेवढ्यानं घरातला तिचा वावर बदलला. एक दिवस ती न विचारता फ्रिज उघडून माझं ताक प्याली. वर मलाच म्हणाली, “मम्मीजी, मीठ कमी होतं.” मला कोण आनंद झाला.

एप्रिलच्या शेवटी मला मान वर करायची परवानगी मिळाली. बुडबुडा बारीक होत होत विरघळला. वाचता अजून येत नव्हतं, पण मी उत्तरं तोंडी सांगायची आणि ती कॉम्प्युटरवर उतरवायची, मग तीच मला वाचून दाखवायची, म्हणजे पाठ व्हावीत. त्या उताऱ्याचं उत्तर मी नव्यानं सांगितलं. निवडण्याबद्दल सांगितलं, संसाराबद्दल सांगितलं. खड्यांबद्दल तिचं मत माझं म्हणून घातलं, ते तिनं हसून टाइप केलं. मग मी नेहमीच्या बाईवर आले. म्हटलं, लिही, घर सोडणाऱ्या बाईच्या मनात राग उरला नव्हता हे लेखक सांगतो. कुंपणाबाहेरच्या बाईच्या मनात काय होतं ते त्यानं विचारलं नाही. तिच्यासाठी कणी ठेवली, वाक्य ठेवलं नाही.

टाइप करायचा आवाज थांबला.

“मग तिचा राग?” ती म्हणाली.

“असंल. उरला असंल.”

“आणि तुमचा?”

मला खोटं सांगता आलं असतं. तिची आई आत्ता कुठं बोलायला लागली होती. पण ज्या मुलीनं मला माझाच उतारा वाचून दाखवला होता तिच्याशी खोटं बोलवेना. मी म्हटलं, “थोडा आहे मले. तुह्यावर नाही.”

ती म्हणाली, “राहू द्या. थोडा राहू द्या.” आणि पुढचं वाक्य टाइप करायला बोटं ठेवून बसली.

परीक्षेपर्यंत जाड भिंगातून वाचता-लिहिता यायला लागलं होतं, तोच चष्मा लावून मी गेले. ती मला सोडायला आली, आणि पेपर संपेपर्यंत बाहेर झाडाखाली उसाचा रस पीत बसून राहिली. उतारा दुसराच आला, नदीकाठचा, ज्यात मला फारसं काही दिसलं नाही. मी बाहेर येऊन तिला सांगितलं तर तिला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. निकालात पास झाले, बेताचे गुण मिळाले. मुलानं हैदराबादहून मोठा केक पाठवला आणि आम्ही दोघींनी तो शेजारीपाजारी वाटत संपवला.

दिवाळीनंतर तिच्या आईचा फोन आला की गुडघे फार दुखतात, जबलपूरच्या डॉक्टरांचा गुण येत नाही, नागपूरला धंतोलीत कुणी चांगला आहे का. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. जबलपुरात गुडघ्याचे डॉक्टर नसतील असं आम्हा दोघींनाही वाटत नव्हतं. मी म्हटलं, “आहे म्हण. इथंच उतरा म्हण.”

त्या आल्या. माझ्याच वयाच्या, अंगानं स्थूल, गुडघे खरोखरच दुखत होते. जिना चढताना दोनदा बसल्या. त्यांनी सोबत पाण्याची मोठी बाटली आणली होती आणि डबा भरून पुऱ्यांची शिदोरी. पहिल्या दिवशी त्या त्यांच्या बाटलीतलंच पाणी प्याल्या. सुनेचा चेहरा उतरला, तिला मी डोळ्यानंच गप्प केलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून उन्हाचं परत आलो, बाटली रिकामी. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, थोडा वेळ माठाकडे बघत. मग मला म्हणाल्या, “बहनजी, ज़रा पानी.” मी पेला भरून दिला. त्यांनी तो उभ्याउभ्याच रिकामा केला आणि पुन्हा पुढं केला.

रात्री जेवताना त्यांनी मला डोळ्यांबद्दल विचारलं, मी गुडघ्यांबद्दल. जाताना स्टेशनवर त्या मुलीला धरून रडल्या, आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन काही तरी म्हणाल्या, गाडीच्या भोंग्यात ते मला ऐकू आलं नाही. वडील अजून आलेले नाहीत. बोलतही नाहीत. येतील का ते मला सांगता येत नाही. सून म्हणते, त्यांच्या भांड्यात अजून पुष्कळ उरलं आहे.

आता माझ्या दुसऱ्याही डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे आणि मला बारीक अक्षरसुद्धा दिसतं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला वेगळी कादंबरी लागली आहे, जाडजूड, बोलीभाषेतली, आमच्या इकडची नव्हे, समुद्राकडची. मला वाचता येतं हे तिला ठाऊक आहे. तरी तिचं काम संपलं की ती पुस्तक घेऊन माझ्या पलंगावर पाय वर घेऊन बसते, आणि मी उशीला टेकून डोळे मिटते. ‘ळ’ तिला आता नीट येतो. काल तिनं एका ओळीला थांबून विचारलं, “मम्मीजी, हा शब्द?”

मी डोळे उघडून पान जवळ घेतलं. कोकणातला काही तरी शब्द होता, मासे पकडायच्या कसल्या साधनाचा असावा. मलाही तो येत नव्हता. तसं मी सांगितलं, तर ती केवढी खूश झाली.